पस्तावा म्हणजे मनपरिवर्तन नव्हे

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना फादर म्हणतात, "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा." त्यानंतरचे चाळीस दिवस माझ्या कानावर एकच गोंधळ येत राहतो: पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणं, आणि जितकं जास्त वाईट वाटेल तितका तो खरा. कारेज्म, म्हणजे हा उपासकाळ, लागला की म्हापशातले हिंदू शेजारी मला विचारतात, "तुमचा श्रावण सुरू झाला?" त्यांना बाहेरून मटण-मासळी सोडलेलीच दिसते, त्यांचं बरोबर आहे. पण आमचीच माणसं जन्मभर चर्चला जाऊन तिथेच थांबतात, हे मला सोसत नाही.

पस्तावा कसा असतो ते कुणाला सांगायला नको. झोप लागत नाही आणि 'मी असा कसा वागलो' हे डोक्यातून जात नाही. शब्दच सांगतो, पश्चात् ताप: मागाहून होणारा दाह. पण मराठी बायबलात आपण पश्चात्ताप वाचतो, तिथे नव्या करारात बहुतेक ठिकाणी मूळ ग्रीक शब्द 'मेतानोइया' आहे आणि त्यात ताप कुठेच नाही. त्याचा अर्थ मन पालटणं. त्याच्याही मागे हिब्रू 'शूव' आहे: परत फिरणं. संदेष्टे इस्राएलला देवाकडे परत फिरा म्हणतात, तेव्हा हाच शब्द येतो. म्हणून मी मनपरिवर्तन म्हणतो. गोव्यात तो शब्द काढला की काहींना धर्मांतर ऐकू येतं, पण त्याचा इथे संबंध नाही. हे मनपरिवर्तन बाप्तिस्मा झालेल्यालाच रोज लागतं.

आता खरी गोम. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय उघडा आणि येशूला धरून देणाऱ्या शिष्याकडे, यहूदाकडे, नीट बघा. येशूला दोषी ठरवलेलं पाहून त्याला पस्तावा झाला. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, असं तो मोकळेपणाने म्हणाला. चांदीची तीस नाणी त्याने परत नेली. दुःख, कबुली, भरपाई: कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाताना लहानपणी आम्हाला जे जे शिकवलं ते सगळं त्याच्याजवळ होतं. येशूला मी ओळखतच नाही, असं तीनदा म्हणणारा दुसरा शिष्य पेत्र, त्याच्याकडे यातलं जवळपास काही नव्हतं. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला, एवढंच. कबुली नाही, आणि नाकारलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून भरपाईही नाही.

तरी यहूदाने गळफास घेतला आणि पेत्र प्रभूकडे परतला. मग फरक कुठे पडला? यहूदा गेला याजकांकडे. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. आणि त्याने खरंच तेच केलं: त्याचं तो बघत राहिला. त्याच्या दुःखात यहूदा, त्याचं पाप आणि त्याची शिक्षा यांखेरीज कुणी उरलंच नाही. पाप करताना माणूस मध्ये असतो आणि पाप झाल्यावर रडतानाही तोच मध्ये असतो. धर्मसुधारक मार्टिन लूथरने पापी माणसाला 'स्वतःकडेच वाकलेला' म्हटलं ते हेच. 'मी केवढा चांगला' आणि 'मी केवढा नीच' या दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच आहे. प्रार्थनासभेत उभं राहून जुन्या पापांची तासभर यादी वाचणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं.

केवळ शब्दाच्या जोरावर मी हे म्हणत नाही. यहूदासाठी मत्तय 'मेतामेलोमाय' हे वेगळं क्रियापद वापरतो हे खरं, पण येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यात तेच क्रियापद चांगल्या अर्थाने येतं. फरक तोंड कुणाकडे आहे याचा आहे. येशूच्या दुसऱ्या दाखल्यातल्या, बापाचं घर सोडून पैसा उडवलेल्या उधळ्या मुलाला तर आधी भूकच लागली होती. बापाच्या चाकरांना पोटभर भाकर मिळते हे त्याला आठवलं. पस्तावा म्हणून मोजलं तर ते फारच कमी भरतं. पण तो उठला आणि घराच्या वाटेला लागला, आणि बाप धावत सामोरा आला.

मला हे उशिरा कळलं. धाकट्या भावाशी मी तीन वर्षं बोलत नव्हतो, आणि दर कारेज्मात कुमसाराला जाऊन 'माझ्या मनात राग आहे' असं डोळ्यांत पाणी आणून सांगायचो. तिसऱ्या वर्षी फादर हळूच म्हणाले, "तुम्ही दरवेळी तुमच्याबद्दलच सांगता. भाऊ कसा आहे?" मला सांगता आलं नाही. त्याची अँजिओप्लास्टी झालेली मला ठाऊकच नव्हती.

उपास, प्रायश्चित्त, गोवा वेल्ह्याच्या संतांच्या मिरवणुकीत अनवाणी चालणं, हे सगळं मला प्रिय आहे. ती मिरवणूक ज्या फ्रान्सिस्कन तृतीय संघाची, म्हणजे संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणाऱ्या संसारी लोकांच्या संघाची, त्याचं जुनं नावच प्रायश्चित्ताचे बंधू-भगिनी असं होतं. पायांना वळण लागलं की मनही वळतं, हे त्या लोकांना माहीत होतं.

पेत्राचं पुढे काय झालं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. होडी किनाऱ्यापासून दोनशे हातांवर होती. किनाऱ्यावर प्रभू आहे असं कळताच त्याने अंगरखा गुंडाळला आणि पाण्यात उडी टाकली. काठावर कोळशाचा विस्तव होता. तसाच विस्तव शेकत त्याने तीनदा नाकारलं होतं. येशूने तीनदा विचारलं. तुला वाईट वाटलं का, असं एकदाही नाही. माझ्यावर प्रेम करतोस का, असं विचारलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हाती मेंढरं सोपवली.