थंड होताना ओढणारं लोखंड

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेल्डिंगमधली मुख्य अडचण अर्धी कळलेलीच असते. लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवतो, तापून मोठी झालेली ती लाकडी चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. थंड होताना धाव इतकी आवळते, की आरे तुंब्यात घट्ट बसतात. गेटची किंवा खिडकीची चौकट वाकडी करते ती हीच ओढ.

माझी पहिली चौकट मी अंगणातल्या शहाबादी फरशीवर केली. १२०० बाय ९०० मिलिमीटर, २५ चा चौकोनी पाइप. काटकोन तपासायचा गुण्या लावून एक कोपरा पूर्ण वेल्ड केला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या कोपऱ्यात पाइपची तोंडंच जुळेनात. वेल्डिंगचं सपाट लोखंडी टेबल नाही म्हणून असं झालं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. खरी चूक क्रमाची होती.

पोलादाचा एक मीटरचा तुकडा सगळीकडून सारखा १०० अंशांनी तापवला, तर तो साधारण १.२ मिलिमीटरने वाढतो आणि थंड झाल्यावर होता तेवढा होतो. वेल्डिंगमध्ये मात्र सांध्याचा ठिपकाच तेवढा वितळतो, सुमारे १५०० अंशांना, आणि शेजारचं लोखंड थंडच असतं. तापलेल्या भागाला पसरायचं असतं, पण थंड लोखंड त्याला पसरू देत नाही. गरम लोखंड मऊ, त्यामुळे ते जागच्या जागी दबतं, जाड होतं. साधं पोलाद पुरतं जखडलेलं असेल, तर तापमान शंभरेक अंशांनी वाढलं तरी ते कायमचं दबायला लागतं. इथे तर हजाराच्या वरची गोष्ट आहे. दबलेला भाग थंड होताना आखडतो आणि आधीपेक्षा आखूड होतो. ज्या बाजूला वेल्ड, त्या बाजूला पाइप ओढला जातो. कोपरा एका अंशाने जरी फिरला, तरी १२०० मिलिमीटरवरचं दुसरं टोक २१ मिलिमीटर सरकतं.

जाड टेबल आणि क्लॅम्प या ओढीला अडवतात, पण ती नाहीशी करत नाहीत. क्लॅम्प सोडला की चौकट थोडी सुटतेच. म्हणून टेबल नसेल तर ओढ कमीत कमी निर्माण करायची आणि एका ओढीसमोर दुसरी उभी करायची.

आधी बैठक. चौकट थेट फरशीवर ठेवू नये. फरशी सपाट नसतेच, शिवाय काँक्रीट असेल तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपचे उडतात. विटांवर दोन सरळ पाइप आडवे टाकावेत आणि पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांची चारही टोकं एका पातळीत आणावीत. नळीत बुडबुडा राहू देऊ नये आणि मोजताना दोन्ही तोंडं उघडी असावीत. तीन बिंदू कसेही ठेवले तरी एका सपाटीत येतात, म्हणून तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही. चौकटीत भांडण लावतो तो चौथा कोपरा. त्याच्याखाली पत्र्याची चकती सरकवली की झालं.

मग चारही कोपऱ्यांना फक्त एकेक टॅक, म्हणजे तात्पुरता धरून ठेवणारा वेल्डचा ठिपका, मारायचा आणि कर्ण मोजायचे. १२०० आणि ९०० ला कर्ण बरोबर १५०० येतो, कारण हा तीन-चार-पाचचाच त्रिकोण आहे. मला गुण्यापेक्षा कर्णाचा भरवसा जास्त वाटतो. वरची बाजू ५ मिलिमीटर सरकली, तर लहान गुण्यावर ते जेमतेम दिसतं. कर्णांत मात्र ८ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच सुताचा फरक पडतो. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोकलं की टॅक तेवढा वाकतो. कर्ण सारखे झाले की कोपऱ्याकोपऱ्यात तिरपी पट्टी टॅक करून टाकावी. काम पूर्ण थंड झाल्यावरच ती कापायची.

कर्णाला पीळ मात्र कळत नाही. एक कोपरा १० मिलिमीटर वर उचलला, तरी कर्णाच्या लांबीतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. टेपवर तो दिसणारच नाही. त्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात. मधे जिथे त्या एकमेकींना ओलांडतात, तिथे नुसत्या टेकल्या पाहिजेत. मग वरची दोरी खालून घेऊन पुन्हा बघावं, कारण एकीने दुसरीला दाबलं असेल तर फट दिसत नाही. मधे एक सुताची फट म्हणजे एक कोपरा दोन सूत वर किंवा खाली.

पूर्ण वेल्ड करताना एका कोपऱ्यानंतर शेजारचा नाही, समोरचा घ्यावा. एका अंगाचा छोटा वेल्ड झाला की चौकट उलटून दुसऱ्या अंगाचा, म्हणजे पहिल्याने ओढलेलं दुसरा परत ओढतो. मधे सांध्याला हात लावता येईल इतकं थांबावं. पाइप नीट कापले असतील आणि फट नसेल, तर रॉडही कमी लागतो. जितकं जास्त लोखंड ओताल, तितकं ते जास्त आखडणार. एकसारख्या दोन चौकटी असल्या तर पाठीला पाठ लावून बांधाव्यात. दोघींची ओढ एकमेकींना सांभाळून घेते.

इतकं करूनही पाइपला बाक आला, तर जुने कारागीर हातोडा उचलत नाहीत. बाकाच्या बाहेर फुगलेल्या बाजूला ते ज्योतीने एक लहान पट्टा गडद लाल होईपर्यंत तापवतात आणि सोडून देतात. तापताना बाक थोडा वाढलेला दिसतो. मग लाली जाते, पट्टा आखडतो आणि पाइप हळूहळू सरळ होत येतो.