मोबाईल जोडणाऱ्या माणसांचं काय? जरा मागचा इतिहास

जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन ब्रँडच्या मिलानमधल्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली तेव्हा अख्खं कोल्हापूर भडकलं, कारागिराचं ना नाव ना दाम म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण राजारामपुरीत ईएमआयवर मोबाईल घेताना तो कुणी जोडला, त्याला महिन्याला काय मिळतं, हे कोण विचारतं?

हा विषय जगभर गाजला तो 2010 ला. चीनमध्ये शेन्झेनच्या फॉक्सकॉनमध्ये ॲपलसकट बऱ्याच कंपन्यांचा माल बनायचा, तिथं त्या एका वर्षात डझनभर तरी कामगारांनी जीव दिला, बहुतेक गावाकडनं आलेली तरणी पोरं. कंपनीनं काय केलं तर वरनं उडी मारणारा अडकावा म्हणून इमारतींना जाळ्या बसवल्या. बोंबाबोंब झाल्यावर मूळ पगार 900 युआनवरनं 1200 केला, म्हणजे देणं जमत होतं, आधी देत नव्हते एवढंच. 2012 च्या तपासणीतही आठवड्याला 60 तासांच्या वर काम सापडलंच.

मग कारखाने आपल्याकडं आले आणि पद्धतही तीच आली, नाव मोठ्या ब्रँडचं, कारखाना दुसऱ्याचा आणि माणसं लेबर कॉन्ट्रॅक्टरची, त्यामुळं पगार अडकला की जाब विचारायचा कुणाला हेच कळत नाही. कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात 12 डिसेंबर 2020 ला याचाच भडका उडाला, थकलेल्या आणि कापलेल्या पगारावरनं कामगारांनी तोडफोड केली. तोडफोड वाईटच, पण पगार नीट दिले नव्हते हे नंतर कंपनीनंच कबूल केलं आणि माफी मागितली.

पुढच्या वर्षी श्रीपेरुंबुदूर. आपल्या कागलवरनं जाणारा 48 नंबरचा हायवे बंगळूर करून चेन्नईला जातो, त्याच रस्त्यावरचं हे गाव. डिसेंबर 2021 मध्ये फॉक्सकॉनच्या इथल्या कारखान्यातल्या पोरींना हॉस्टेलच्या जेवणातनं विषबाधा झाली, 159 जणींना दवाखान्यात न्यावं लागलं, काही खोल्यांत तर जमिनीवर झोपायचं आणि संडासला पाणी नाही. पोरींनी हायवेच अडवला, कारखाना जवळजवळ महिनाभर बंद राहिला.

आता काहीजण म्हणतात घेऊच नका असला माल. मला ते पटत नाही. त्याच श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना 2014 ला बंद पडला (कारण टॅक्सचा वाद वगैरे, ते वेगळं) तेव्हा हजारो पोरापोरींची नोकरी गेली, काम बंद होऊन कुणाचं भलं होत नाही. इचलकरंजीच्या मागवाल्यांना विचारा, ते काम नको म्हणत नाहीत, मजुरी वाढवा म्हणतात.

सप्टेंबर 2024 ला सॅमसंगच्या फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या हजारभर कामगारांनी श्रीपेरुंबुदूरलाच 37 दिवस संप केला. पगारवाढ तर पाहिजेच होती, पण मुख्य भांडण आमची युनियन माना यावरनं होतं. दसरा त्यातच आला, आपल्याकडं नव्या फ्रीज-टीव्हीची खरेदी जोरात होती आणि त्या संपाबद्दल दुकानात चकार शब्द नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जानेवारी 2025 मध्ये त्यांची युनियन रजिस्टर झाली.