मलबा वेगळा, नासाडी वेगळी

नागपूरच्या महाल-इतवारीत जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं की साइटच्या कोपऱ्यात ढीग वाढू लागतो. पाडलेल्या भिंतीच्या विटा, सांडलेला मसाला (सिमेंट-वाळूचं कालवण), सळईचे तुकडे, फाटक्या बॅगा, सगळं त्यातच. ठेकेदार त्याला सरसकट मलबा म्हणतो आणि ट्रॅक्टर बोलावून मोकळा होतो. खरं तर त्या ढिगात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मलबा म्हणजे पाडकामातून निघालेला माल. नासाडी म्हणजे पैसे मोजून आणलेला, पण इमारतीच्या कामी न आलेला नवा माल. मलबा किती निघणार हे पाडायचं ठरलं तेव्हाच ठरतं; तिथे सगळी कसब वेगळं काढण्यात आहे. नासाडी मात्र मुळातच रोखावी लागते, मागाहून वेगळी काढून फारसं हाती लागत नाही.

मलब्याचं निम्मं काम पाडण्याच्या क्रमावर अवलंबून असतं. आधी सागवानी चौकटी, कवेलू (छपराची कौलं), ग्रिल आणि वायर हातानं काढायचं, भिंतींना त्यानंतर हात लावायचा. पहिल्याच दिवशी जेसीबी घातला तर हे सगळं मातीत कालवलं जातं. चुन्यातल्या जोडाईच्या (विटांच्या बांधकामाच्या) विटा छन्नीच्या हलक्या घावानं साबूत सुटतात. सिमेंटनं जोडलेल्या विटा मात्र मसाल्यासकट फुटतात. तुकडे प्लिंथच्या (जोत्याच्या) भरणीत चालतात, पण १५ ते २० सेंमीचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून दाबून). त्यात लाकूड राहिलं तर वाळवी लागते. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) राहिलं तर त्यातलं सल्फेट ओलाव्याबरोबर काँक्रीटपर्यंत पोहोचून त्याला खातं. पाया खणताना निघालेली काळी मातीही भरणीत नको. ती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी उचलते.

जुनं काँक्रीट फोडून गिट्टी करता येते. आयएस ३८३ या गिट्टी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशी गिट्टी एम २५ (एमपुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) पर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्के, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम १५ पेक्षा हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग करायला सांगितलं. लहान घरालाही हीच विभागणी सोयीची पडते.

आता नासाडी. हिच्यावर जास्त लिहायला हवं, कारण हिचा मोठा भाग ढिगात दिसतच नाही. १०० चौरस मीटर भिंतीला १२ मिमी छपाई (प्लास्टर) म्हणजे १.२ घनमीटर मसाला. जोडाई ओळंब्यात (सरळ उभी) नसेल तर तीच छपाई २० मिमीवर जाते आणि मसाला २ घनमीटर लागतो. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू या १:४ च्या प्रमाणात साधारण सहा बॅगा जास्तीचं सिमेंट भिंतीतच जिरतं, आणि ट्रॉलीत त्यातलं घमेलंभरही जात नाही. उपाय छपाईवाल्याकडे नसतो, तो जोडाईच्या मिस्त्रीकडे असतो: दर तीन-चार थरांनी ओळंबा आणि दोरी.

सळईचं तसं नाही, तिथे नुकसान समोर पडलेलं दिसतं. सळई १२ मीटरची येते. ३.५ मीटरचे तीन तुकडे कापले की १.५ मीटर उरतो. १२ मिमीच्या सळईत तो १.३३ किलो भरतो. शंभर सळयांत १३३ किलो. त्याच कामात २.५ मीटरचे तुकडेही लागणार असतील तर ३.५ चे दोन आणि २.५ चे दोन घ्या, काही उरत नाही. म्हणून कापायला बसण्याआधी बारबेंडिंगची यादी (कुठल्या लांबीचे किती तुकडे लागणार ते) पूर्ण हवी. एकेका बीमसाठी कापत गेलं की हे जुळत नाही.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हात मसाला झपाट्यानं आळतो. कालवल्यापासून दोन तासांच्या आत तो संपवायचा ही नेहमीची मर्यादा. अशा उन्हात त्याहून लवकर संपवा. एका वेळी अर्धीच बॅग कालवा आणि सावलीत ठेवा. आळलेल्या मसाल्यात पाणी टाकून तो पुन्हा मऊ करणं म्हणजे नासाडी लपवणं. ती पुढे छपाई सुटून बाहेर येते. छपाई करताना भिंतीच्या पायथ्याशी ताडपत्री पसरली तर पडलेला स्वच्छ मसाला लगेच परत वापरता येतो.

फसवणारी गोष्ट म्हणजे छपाईनंतर पाइप आणि वायरसाठी मारलेल्या झिऱ्या (भिंतीत खोदलेल्या खाचा). निघतात विटांचे तुकडेच, दिसतात मलब्यासारखे, पण ती शुद्ध नासाडी. पाइप छपाईच्या आधी टाकून, दाब देऊन तपासून घेतला तर भिंत दुसऱ्यांदा फोडावी लागत नाही.

मोजण्यातही फरक आहे. मलबा ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) किंवा ट्रॉलीत मोजला जातो. नासाडी वहीत मोजावी लागते: आलेल्या मालातून शिल्लक वजा करा, मग मोजमापानुसार लागायला हवा होता तेवढा वजा करा; उरलं ते वाया गेलं. सिमेंट आणि लोह्याचा हा ताळा प्रत्येक स्लॅबनंतर घ्या. काम संपल्यावर घेतला तर माल कुठल्या मजल्यावर आणि कुणाच्या हातून गेला, हे सापडत नाही.