लढतीतला जोडीदार, नाचातला जोडीदार

2005 साली लंडनमध्ये मेंदूविज्ञानाचा एक सुरेख प्रयोग झाला. त्यात तीन प्रकारचे लोक होते: 10 बॅले नर्तक, ब्राझीलची कापोएरा ही लढाऊ कला शिकलेले 9 जण आणि या दोन्हींतलं काहीच न येणारे 10 जण. प्रत्येकाला एमआरआय यंत्रात झोपवून तीन-तीन सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. काही बॅलेच्या, काही कापोएराच्या. दोन्हींतल्या हालचाली शक्य तितक्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या निवडल्या होत्या. पाहणाऱ्याने हलायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं.

तरीही बॅले नर्तक बॅले पाहू लागले की मेंदूतले हालचालींची आखणी करणारे भाग जास्त कामाला लागत. कापोएरावाल्यांचे तेच भाग कापोएरा पाहताना जास्त जागे होत. तिसऱ्या गटाला दोन्ही सारखंच. हा फरक निव्वळ ओळखीचा तर नाही ना, ही शंका फेडायला याच संशोधकांनी पुढच्या वर्षी आणखी नेमका प्रयोग केला. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. पण सराव एकत्र चालत असल्यामुळे दोघांनीही एकमेकांच्या हालचाली असंख्य वेळा पाहिलेल्या असतात. तिथेही स्वतः केलेल्या हालचालींना मेंदूचा प्रतिसाद अधिक मिळाला. पाहून माहीत असणं आणि अंगात मुरणं या दोन गोष्टी मेंदूच्या लेखी वेगळ्या आहेत.

या संशोधकांना बॅलेच्या जोडीला ठेवण्यासाठी एक लढाऊ कला सहज सापडली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात तर दोन्ही गटांना ‘निष्णात नर्तक’ असंच म्हटलेलं आहे.

कापोएरा पाहिलेल्या कुणालाही यात वावगं वाटणार नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांमध्ये ती ब्राझीलमध्ये रुजली. 1890च्या दंडसंहितेने तिला गुन्हा ठरवलं. पुढे साल्वादोर शहरात मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबा यांनी 1932 साली तिची पहिली शाळा उघडली आणि 1937 साली त्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. माणसं गोल करून उभी राहतात, त्या गोलाला होदा म्हणतात. गोलाच्या तोंडाशी बेरिंबाउ हे धनुष्यासारखं एकतारी वाद्य वाजत असतं, आणि मध्ये दोघं. दोघांचेही पाय सतत मागे-पुढे झुलत असतात, ही जिंगा. झुलता झुलता एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याच्या उंचीवरून गर्रकन फिरतो, तेव्हा दुसरा त्याच क्षणी खाली बसलेला असतो आणि त्या बसण्यातूनच त्याची परतीची लाथ निघते. लाथ बहुधा लागत नाही, पण लागेल अशीच मारलेली असते. म्हणूनच खेळणारे ‘लढलो’ म्हणत नाहीत, ‘खेळलो’ म्हणतात.

मालकांना फसवायला गुलामांनी लढाईला नाचाचं सोंग दिलं, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. तिला ठोस पुरावा नाही, आणि मला ती अपुरीही वाटते. नाच हा वरून चढवलेला वेश असता तर तो काढल्यावर खाली लढाई शिल्लक राहायला हवी होती. जिंगा काढली तर कापोएरात काहीच उरत नाही. आपल्याकडे झारखंडमधल्या सराईकेलाच्या छाऊ नृत्याचा पाया ढाल-तलवारीच्या सरावात आहे आणि कथकलीच्या नटांचं शरीर कळरी या केरळच्या लढाऊ कलेच्या व्यायामावर घडलेलं आहे. वेगवेगळ्या प्रदेशांत हे दोन प्रवाह असे एकमेकांत मिसळत आले, त्याचं कारण शरीराच्या रचनेतच सापडतं. जोडीने नाचणारा आणि जोडीने लढायला शिकणारा, दोघांनाही समोरच्या शरीराची पुढची हालचाल ती होण्याआधीच हेरावी लागते. हेरू द्यायचं की नाही, एवढ्यापुरते ते वेगळे होतात.

आधीच का हेरावी लागते? डोळ्यांनी संकेत टिपल्यापासून हात हलायला लागेपर्यंत माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, तेही संकेत एकच आणि कृतीही एकच ठरलेली असेल तर. शक्यता वाढल्या की वेळही वाढतो, हे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1952 साली मोजून दाखवलं. चांगल्या बॉक्सरचा ठोसा पाव सेकंदाच्या आत येऊन पोहोचतो. ठोसा निघालेला दिसल्यावर विचार सुरू करणाऱ्याने तो खाल्लाच म्हणून समजा. जपानमध्ये कराटे खेळाडूंवर 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं. पडद्यावर हल्ला करणारा माणूस दाखवून वार कुठे येणार हे ओळखायला सांगितलं, तेव्हा खेळाडू नवख्यांच्या स्पष्टपणे पुढे होते. नुसता संकेत दिसताच बटण दाबायचं असेल तेव्हा मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांच्या नसा काही जलद झाल्या नव्हत्या. खांदा किती उचलला, वजन कोणत्या पायावर गेलं, कंबर कुठे वळली, या खुणा त्यांना लवकर कळत होत्या. अशा खुणा हवेत ठोसे मारून शिकता येत नाहीत. त्यासाठी समोर जिवंत माणूसच लागतो.

समोर माणूस आला की आणखी एक गोष्ट आपोआप घडू लागते. 1990 साली अमेरिकेत रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन माणसांना शेजारी बसवून एकमेकांकडे पाहत एकेक पाय झुलवायला सांगितलं, आणि ताल हळूहळू वाढवत नेला. पाय उलटसुलट, म्हणजे एकाचा पुढे तेव्हा दुसऱ्याचा मागे, असे झुलवायचे होते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ठरवूनही ते जमेना आणि दोघांचे पाय बरोबरीने झुलू लागले. बरोबरीने सुरू केलेले पाय मात्र उलटसुलट होत नव्हते. त्या दोघांमध्ये ना दोरी होती ना काठी, होती ती फक्त नजर. एकाच माणसाच्या दोन हातांच्या बोटांमध्ये दिसणारा नियम इथे दोन वेगळ्या मेंदूंमध्ये लागू पडला.

हे फक्त मैत्रीच्या वातावरणात घडतं असंही नाही. केंडो ही जपानी तलवारबाजी, बांबूच्या तलवारी घेऊन खेळतात. तिच्या तीव्र लढतींचं मोजमाप 2012 साली प्रसिद्ध झालं. दोन प्रतिस्पर्धी ठरावीक अंतरापेक्षा जवळ आले की एक पुढे सरकताच दुसरा मागे सरके. त्या अंतरापलीकडे गेले की दोघं एकदमच पुढे येत किंवा एकदमच मागे जात. एक प्रकार संपून दुसरा सुरू व्हायला केवळ 10 सेंटिमीटरचा फरक पुरत होता. एकमेकांना हरवायला उतरलेली ही माणसं, पण वरून कुणी त्यांच्या पावलांच्या खुणा पाहिल्या तर त्याला ते बसवलेलं नृत्यच वाटेल.

आता स्पर्शाकडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे. मातीच्या कुस्तीत सलामी झडल्यावर पैलवान लगेच डाव टाकत नाहीत. मानेवर हात, मनगटाची पकड, कपाळाला कपाळ, अशी खडाखडी बराच वेळ चालते. प्रेक्षक कंटाळून ओरडतात, पण त्या वेळी आत फार मोठी देवाणघेवाण सुरू असते. स्नायू अचानक ताणला गेला की हातात त्याचा दुसरा, जरा उशिराचा प्रतिसाद साधारण 50 ते 100 मिलिसेकंदांत उमटतो. डोळ्यांच्या वाटेने लागणाऱ्या वेळेच्या निम्म्यात. आणि तो आंधळा नसतो. आपण काय करायचं ठरवलं आहे त्यानुसार त्याचा जोर बदलतो. पकड घेतलेला पैलवान म्हणजे समोरच्याच्या वजनाची बातमी डोळ्यांआधी मिळवणारा माणूस. जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत सुरू केलेल्या ज्युदोत हजारो वेळा घोटला जाणारा उचिकोमी हा सराव याचसाठी असतो. त्यात जोडीदाराला पाडायचं नसतं. पकड, ओढ आणि आत शिरणं इथपर्यंतच जायचं, पुन्हा मागे यायचं, पुन्हा शिरायचं.

टँगो नाचणाऱ्या जोडीची मिठी हेच काम करते. नेणारा बोलून सांगत नाही, ढकलतही नाही. नृत्याचा अनुभव असलेल्या आणि नसलेल्या लोकांना जोडीने पावलं टाकायला लावून अमेरिकन संशोधकांनी हातांमधला जोर मोजला. तो 10 ते 30 न्यूटनच निघाला, म्हणजे हातात एक ते तीन किलोची पिशवी धरायला लागतो तेवढा. इतक्या जोराने कुणाचं शरीर हलवता येत नाही. तो निरोप असतो.

असा निरोप जाणवल्याशिवायही पोहोचतो, हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. काईल रीड आणि मायकेल पेश्किन यांनी 2006 साली दोन माणसांना एकाच दांड्याची दोन टोकं धरून ती ठरलेल्या खुणेपर्यंत फिरवायला सांगितली. मध्ये पडदा, बोलायला मनाई. दोघं मिळून एकट्यापेक्षा लवकर पोहोचत होते. थोड्याच वेळात एकजण वेग देण्याचं आणि दुसरा वेग रोखण्याचं काम आपसूक वाटून घेई. आणि विचारलं तर अनेकजण सांगत, की जोडीदाराची अडचणच होत होती!

इथवर नाच आणि लढत हातात हात घालून येतात, आणि इथेच त्यांची फारकत होते. नर्तक आपली हालचाल जोडीदाराला लवकर कळावी म्हणून ती स्वच्छ ठेवतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत 2011 साली झालेल्या प्रयोगात दोघांनी समोरासमोर हात हलवून एकमेकांचं प्रतिबिंब व्हायचं होतं. एकाने नेतृत्व करायचं ठरलं की मागून येणाऱ्याच्या हालचालीत बारीक थरथर दिसे, कारण तो सतत दुरुस्ती करत असे. नेता कुणीच नाही असं ठरवलं, तेव्हा उत्स्फूर्त अभिनयात मुरलेल्या जोड्यांची हालचाल मधूनमधून अगदी गुळगुळीत होई. त्या क्षणांत कोण कुणाला नेतो आहे, हे मोजूनही सांगता येत नव्हतं.

लढणारा याच वाटेने हूल पाठवतो. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढायचा डाव, काढल्यासारखं दाखवायचं आणि समोरचा झुकला की भलताच डाव मारायचा. समोरचं शरीर खुणांवरून पुढचं बांधत असतं म्हणून हूल चालते. त्याला खोटी खूण पुरवली की झालं. कापोएरात या धूर्तपणाला मलीसिया म्हणतात आणि उंच लाथेपेक्षा त्याची किंमत जास्त मानतात. रग्बी खेळाडूंवर 2006 साली झालेल्या अभ्यासात निष्णात खेळाडू हुलकावणीला नवख्यांपेक्षा कमी फसले. माझ्या मते जोडीच्या सरावाचा क्रम यातूनच ठरावा. आधी ठरलेली हालचाल ठरलेल्या तालात, मग ताल मोकळा, मग हालचाल मोकळी, आणि सर्वांत शेवटी फसवणूक. ज्यांना पहिल्या पायऱ्या ‘नाचकाम’ वाटतात ते शिकणाऱ्याची खरी शिदोरीच काढून घेतात.

सरावात भांडण का होतं, यालाही विज्ञानाकडे उत्तर आहे. 2003 साली लंडनमध्ये दोघांना आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायला सांगितलं. अट एकच, तुला जेवढा दाब मिळाला तेवढाच परत कर. दोघंही प्रामाणिक, तरी दर पाळीला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. स्वतःच्या हालचालीतून येणारी संवेदना मेंदू आधीच अंदाजून कमी करून टाकतो, त्यामुळे आपला जोर आपल्याला नेहमी हलका वाटतो. तालमीत ‘मी हळूच मारलं, यानेच जोरात मारलं’ अशी तक्रार करणारे दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून बाहेर उभ्या असलेल्या वस्तादाची नजर लागते, आणि म्हणून नव्या मुलाने मुद्दाम मिळाल्यापेक्षा निम्म्या जोराने परत करावं.

कापोएराने हे काम वाद्यावर सोपवलं आहे. खेळ तापू लागला की बेरिंबाउ लय उतरवतो, किंवा दोघांना आपल्यापाशी बोलावून खेळ नव्याने सुरू करायला लावतो. आपल्या कुस्ती मैदानातली हलगी रक्त सळसळवते, पण ती कुस्तीचा वेग ठरवत नाही. मर्दानी खेळात हलगीच्या ठेक्यावर लाठी आणि पट्टा फिरतो, तिथे तिचं नातं बेरिंबाउशी जास्त जुळतं.

सोबत घाम गाळलेल्यांमध्ये जवळीक का येते, यावरही काम झालं आहे. ब्राझीलच्या माराजो बेटावर शाळकरी मुलांना नाचायला लावून 2015 साली दाखवलं गेलं, की एका तालात हलणं आणि दमणं या दोन्हींमुळे वेदना सोसण्याची मर्यादा स्वतंत्रपणे वाढते. शरीरात एंडॉर्फिन हे वेदना शमवणारं रसायन वाढल्याची ती खूण मानली जाते. इस्रायलमध्ये 2019 साली लढाऊ कलांच्या सरावानंतर लाळेतलं ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलं जाणारं संप्रेरक, वाढलेलं आढळलं. ठोसे-लाथांच्या सरावापेक्षा जमिनीवरच्या झोंबीत ही वाढ जास्त होती. लाळेतलं हे मोजमाप कितपत विश्वासार्ह आहे यावर वाद आहे, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

या ज्ञानाचा सर्वांत थेट उपयोग पार्किन्सन्स या हालचाली आणि तोल बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांसाठी होतो आहे. 2012 साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये 195 रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा असा 24 आठवडे ताई ची ही संथ हालचालींची चिनी लढाऊ कला केलेल्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला. सेंट लुईसमध्ये मॅडलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी टँगोचे वर्ग घेतले, तिथेही तोल सुधारला. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत. हॅकनी आणि अर्हार्ट यांनी पुढे 2010 साली जोडीने आणि एकट्याने टँगो करणाऱ्या रुग्णांची तुलना केली. चाल आणि तोल दोन्ही गटांत सुधारले. पण जोडीने नाचलेल्यांना जास्त आनंद झाला होता आणि वर्ग पुढे चालू ठेवायची इच्छाही त्यांनाच अधिक होती. जो आजार आयुष्यभर सोबत राहतो, त्यात उद्या पुन्हा वर्गाला यावंसं वाटणं हा उपचाराचाच भाग आहे.