जादा लेगरूम की प्रीमियम इकॉनॉमी? नावं सारखी, माल वेगळा

मुंबई–ॲमस्टरडॅम तिकीट काढताना केएलएम दोन नावं पुढे करते: ‘इकॉनॉमी कम्फर्ट’ आणि ‘प्रीमियम कम्फर्ट’. पहिली म्हणजे इकॉनॉमीतलीच सीट, फक्त पुढे थोडी जास्त जागा असलेली. दुसरा स्वतंत्र वर्ग, स्वतंत्र केबिन. युनायटेडकडे ‘इकॉनॉमी प्लस’ ही सीट आणि ‘प्रीमियम प्लस’ हा वर्ग. ब्रिटिश एअरवेजचं ‘वर्ल्ड ट्रॅव्हलर प्लस’ मात्र वर्ग आहे. म्हणजे ‘प्लस’ आणि ‘कम्फर्ट’ या शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. ठरवायचं ते मापांवरून.

लांब पल्ल्याच्या विमानात साध्या इकॉनॉमीचा पिच बहुधा 31-32 इंच असतो. पिच म्हणजे एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात पाठीची जाडीही आली, त्यामुळे तेवढी जागा गुडघ्यांना मिळते असं नाही. जादा लेगरूमच्या सीटला हा पिच साधारण 34-35 इंच होतो. रुंदी तीच राहते: बोइंग 777 विमानात ओळीत दहा सीट असतील तर सुमारे 17 इंच. प्रीमियम इकॉनॉमीत पिच बहुतेकांचा 38 इंचांच्या आसपास, रुंदी 19 इंचांच्या आसपास आणि त्याच 777 मध्ये ओळीत आठच सीट, 2-4-2. पाठ जास्त मागे जाते, पायाला आधार असतो. पण ती सीट आडवी होत नाही. एकाचे पैसे गुडघ्यांसाठी, दुसऱ्याचे खांदे आणि पाठीसाठी. रात्रीच्या नऊ-दहा तासांत झोप मोडते ती बहुधा शेजाऱ्याच्या कोपरामुळे, आणि त्यावर लेगरूमचा उपाय चालत नाही.

जादा लेगरूममध्येही दोन प्रकार आहेत आणि सगळी गफलत इथेच होते. पहिला प्रकार, इकॉनॉमीच्या पुढच्या काही नेहमीच्याच पण मोकळ्या, म्हणजे जास्त अंतराच्या रांगा. दुसरा, आपत्कालीन दारामागची रांग. दारामागे पाय पूर्ण पसरता येतात, पण ट्रे आणि स्क्रीन आर्मरेस्टमध्ये बसवलेले असल्याने आर्मरेस्ट वर होत नाही आणि सीट आणखी अरुंद होते. दाराच्या खालच्या भागात आपत्कालात उतरायची घसरगुंडी गुंडाळून ठेवलेली असते. तो फुगवटा खिडकीकडच्या सीटच्या पायांसमोरची जागा खातो. पुढे सीट नसल्याने उड्डाण आणि उतरताना पर्ससुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते. शौचालय जवळ असेल तर रांग तुमच्या पायांपाशीच उभी राहते.

मुलं परदेशातून आईवडिलांचं तिकीट काढतात, तेव्हा गुडघेदुखीचा विचार करून नेमकी हीच दारामागची सीट घेतात. पण लहान मुलं, गरोदर स्त्रिया, सीटबेल्टला जोडपट्टा लागणारे आणि व्हीलचेअरची मदत मागितलेले प्रवासी या रांगेत बसवले जात नाहीत. गेटवर सीट बदलली जाते. भिंतीलगतची पहिली रांगही आईवडिलांसाठी अवघड: पाय पुढच्या सीटखाली सरकवता येत नाहीत, आणि तान्ह्या बाळाचा पाळणा त्याच भिंतीवर लागतो. अशांसाठी पुढच्या मोकळ्या रांगेतली आयल (वाटेकडची) सीट बरी.

कागदोपत्री फरक याहून मोठा आहे. जादा लेगरूमसाठी तुमचं तिकीट इकॉनॉमीचंच राहतं आणि सीटची ईएमडी नावाची वेगळी पावती निघते, प्रत्येक टप्प्याची वेगळी. तुम्ही आपणहून फ्लाइट बदलली तर ती सीट बरोबर येईलच असं नाही. पुढचा टप्पा भागीदार कंपनीचा असेल तर तिथे ती पावती चालेलच असं नाही. प्रीमियम इकॉनॉमीत वर्गच तिकिटावर छापलेला असतो. त्याबरोबर बहुधा जादा सामान आणि वेगळा चेक-इन काउंटर मिळतो, लाउंज मात्र सहसा नाही. युरोपातल्या छोट्या विमानात हा वर्ग बहुतेकदा नसतोच, तेवढा टप्पा इकॉनॉमीत जातो. एअर इंडियाच्या ए320निओमध्ये ‘प्रीमियम इकॉनॉमी’ आहे, पण 3-3 मांडणीची आणि 32 इंच पिचची. ए350 मधल्या त्याच नावाच्या 2-4-2 केबिनशी तिची तुलना करू नका.

कंपनीने शब्द मोडला तरी हा फरक कामाला येतो. डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या 15 फेब्रुवारी 2023 पासूनच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय प्रवाशाला खालच्या वर्गात बसवलं, तर 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत द्यावी लागते. मुंबई–लंडन त्यात सहज बसतं. जादा लेगरूमची सीट गेली तर वर्ग बदललेला नसतो, म्हणून ही भरपाई नाही. फार तर सीटचे पैसे मागता येतात.

भारतातून निघताना किमतीची तुलना करांसह करा. इकॉनॉमीवर जीएसटी 5 टक्के आहे, तर 22 सप्टेंबर 2025 पासून प्रीमियम इकॉनॉमीसह वरच्या सर्व वर्गांवर 18 टक्के.

इकॉनॉमीचं तिकीट हातात असताना वर जायचं असेल तर रोख फरक, माइल्स (प्रवासावर जमलेले गुण) किंवा बोली (आपण किती देऊ ते कंपनीला कळवणं) असे तीन रस्ते आहेत. बोली दर माणशी आणि दर टप्प्याला असते, एका पीएनआरवरचे सगळे एकत्रच वर जातात, आणि मंजूर झाल्यावर सहसा मागे घेता येत नाही. सामानाची मर्यादा आणि माइल्स बऱ्याचदा मूळ तिकिटाप्रमाणेच राहतात. त्यामुळे दुसऱ्या बॅगेसाठी बोली लावू नका. लेगरूमचे पैसे आधी भरले असतील, तर बोली लागल्यावर ते परत मिळतात का हे अटींमध्ये वाचून मगच बोली लावा.

पैसे भरण्याआधी सीटचा नकाशा उघडा. ओळीतल्या सीटची संख्या मागच्या इकॉनॉमीइतकीच असेल, तर तुम्ही लेगरूम घेत आहात, मग बटणावर नाव काहीही असो.