सीमॉस पुसणे

सीमॉस पुसणे : डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर साठवलेली सेटिंग काढून टाकून तो कारखान्यातून निघताना होता तशा स्थितीत आणण्याची क्रिया. ही सेटिंग जपणाऱ्या स्मृतीला सीमॉस म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे संगणक चालू होताच प्रथम चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्राममध्ये, एखादा बदल केल्यानंतर संगणक सुरूच होईनासा झाला, तर दुरुस्तीत बहुधा हाच पहिला उपाय केला जातो. इंग्रजीत तिला ‘क्लिअर सीमॉस’ म्हणतात. कोल्हापुरातील दुकानांतून ‘बायोस रिसेट करणे’ किंवा नुसते ‘सेल (बोर्डावरील लहान बॅटरी) काढून लावणे’ असे म्हटले जाते. या नावांपैकी शेवटचे हाताच्या कृतीपुरते अचूक आहे. ‘क्लिअर सीमॉस’ हे मात्र आजच्या यंत्रांच्या बाबतीत बरेचसे दिशाभूल करणारे आहे.

नाव व उगम : बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या संचालन प्रणालीतून (ऑपरेटिंग सिस्टिम) आला, याबद्दल फारसा वाद नाही. त्याचा काळ मात्र १९७४ ते १९७६ या दरम्यान निरनिराळा दिला जातो. १९७५च्या सुमाराचा धरणे अधिक सुरक्षित होय. सीपी/एममधील बायोस हा डिस्केटवरून चढवला जाणारा आणि यंत्रागणिक बदलणारा भाग होता. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये आणलेल्या पीसीत त्याच नावाचा ८ किलोबाइटचा प्रोग्राम रॉममध्ये कायमचा कोरलेला होता आणि यंत्र चालू होताच स्वतःची चाचणी घेण्याचे कामही त्याच्याकडे होते. या फरकामुळे दोहोंत नावापुरतेच नाते आहे, असे काहींचे मत आहे. इतर त्यांत सरळ वारसा पाहतात. यंत्राचे तपशील एका थरात कोंडून वरच्या प्रणालीला त्यांच्या कटकटीपासून मोकळे ठेवायचे, ही कल्पना दोन्हीकडे एकच असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या पहिल्या पीसीत पुसण्यासारखे काही नव्हतेच. डिस्केट ड्राइव्ह किती, मेमरी किती, पडदा कोणत्या जातीचा, हे बोर्डावरील दोन ओळींतल्या बारीक स्विचांनी सांगितले जाई आणि चूक झाली तर पेनाच्या टोकाने स्विच परत फिरवणे पुरे होई. सेटिंग बॅटरीवर जपण्याची पद्धत आयबीएमच्याच १९८४च्या पीसी/एटीपासून रूढ झाली. त्यात मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात ६४ बाइट इतकी जागा असून पहिले १४ बाइट घड्याळ व त्याच्या नियंत्रणासाठी, तर उरलेले ५० इतर नोंदींसाठी होते. घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २चा पंधरावा घात असल्यामुळे तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद हाती येतो, आणि आजच्या मदरबोर्डवरही स्फटिक याच वारंवारतेचा असतो. साठवलेल्या नोंदींची बेरीज शेजारीच लिहून ठेवलेली असे आणि सुरू होताना ती जुळली नाही तर पडद्यावर आकडा उमटे : १६१ म्हणजे बॅटरी संपली, १६२ म्हणजे सेटिंग जुळत नाही, १६३ म्हणजे वेळ लावलेली नाही. पुढच्या पिढ्यांतील ‘सीमॉस चेकसम एरर’ हा संदेश याच तपासणीचा वंशज आहे. एटीमध्ये सेटिंग बदलण्याचा प्रोग्राम वेगळ्या डिस्केटवर मिळे. डिलीट किंवा एफ२ दाबून रॉममधूनच तो उघडण्याची सोय १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः आयबीएमशी जुळणारी यंत्रे बनवणाऱ्यांनी रुळवली. असे बायोस पुरवणाऱ्यांपैकी अमेरिकन मेगाट्रेंड्स ही १९८५मध्ये स्थापन झालेली कंपनी भारतीय वंशाच्या सुब्रमोनियन शंकर यांनी पॅट सरमा यांच्यासह उभी केली, हे आवर्जून नोंदवण्याजोगे आहे. तिचे नाव आजही असंख्य डेस्कटॉपच्या पहिल्या पडद्यावर क्षणभर दिसते.

सीमॉस हे मुळात साठवणीच्या जागेचे नाव नव्हे. अर्धवाहक परिपथ घडवण्याची ती एक पद्धत असून फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॉनलास यांनी ती १९६३मध्ये मांडली. या पद्धतीच्या परिपथाला स्वस्थ असताना वीज जवळजवळ लागतच नाही, म्हणून लहान बॅटरीवर वर्षानुवर्षे जपायच्या स्मृतीसाठी ती निवडली गेली आणि पद्धतीचे नाव त्या ६४ बाइटांना चिकटले. हंड्याला ‘पितळ’ म्हणावे, तशातला हा प्रकार आहे.

आज नेमके काय पुसले जाते : इंटेलने १९९०च्या दशकाच्या मध्यात इटॅनियम प्रोसेसरसाठी नव्या प्रारंभिक प्रणालीची आखणी सुरू केली. तिचे ईएफआय हे विनिर्देश डिसेंबर २०००मध्ये १.०२ या आवृत्तीत आले, २००५मध्ये ते यूईएफआय फोरमकडे गेले आणि नंतरच्या दशकात या प्रणालीने बायोसची जागा घेतली. बोलण्यात मात्र बायोस हा शब्द टिकून राहिला. यूईएफआयमध्ये बहुतेक सेटिंग घड्याळाच्या चिपमध्ये न राहता, प्रोग्राम ज्या फ्लॅश चिपमध्ये असतो तिच्यातच एका राखीव भागात लिहिली जातात आणि फ्लॅशला स्मृती टिकवायला बॅटरी लागत नाही. मग सेल काढल्याने सेटिंग जाते कसे? घड्याळाच्या विभागाची वीज तुटली की चिपसेटमध्ये तशी एक खूण उठते. पुढच्या वेळी सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे फ्लॅश चिपमधील हाच प्रोग्राम, ती खूण पाहते आणि फ्लॅशमधील सेटिंग बाजूला सारून मूळची लावून घेते. म्हणजे इथे सेल काढण्याने काहीही पुसले जात नाही, तर पुसण्याची विनंती केली जाते. बहुतेक बोर्ड ती मानतात, काही अंशतः मानतात, काही मुळीच मानत नाहीत. सेल काढणे पुरेसे आहे की जम्परच (याच कामासाठी बोर्डावर ठेवलेल्या दोन पिना) शॉर्ट केला, म्हणजे धातूने जोडला पाहिजे, या कारागिरांमधील जुन्या वादाचे मूळ इथे आहे. दोन्ही बाजूंनी पुष्कळ अनुभव सांगितला जातो. तरी बोर्डाच्या पुस्तिकेत जम्पर दिलेला असेल तर आधी तो वापरावा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते, कारण निर्मात्याने नेमलेला मार्ग तोच असतो.

बंद पडण्याची कारणे : ‘डिस्प्ले येत नाही’ ही दुकानात येणारी सर्वसाधारण तक्रार, पण तिच्याखाली निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो, ही एक. निर्मात्याचे चिन्ह दिसते आणि पुढे बूट करण्याजोगे साधन नाही असा संदेश येतो, ही दुसरी. विंडोज सुरू होऊ लागते आणि मध्येच निळा पडदा येतो, ही तिसरी. पहिली अवस्था बहुधा मेमरीचा वेग वाढवल्याने किंवा चित्राचा मार्ग बदलल्याने येते. मेमरीसाठी इंटेलची एक्सएमपी ही तयार मापे २००७पासून आणि एएमडीची एक्स्पो २०२२पासून उपलब्ध असली, तरी प्रत्येक बोर्ड व प्रत्येक रॅम त्या वेगाला टिकेलच असे नाही. डीडीआर५ मेमरीच्या यंत्रांत सेटिंग बदलल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला बोर्ड मेमरीची जुळवणी करत कित्येक मिनिटे काळ्या पडद्यावर राहू शकतो. घाबरून मध्येच बटण दाबणारा मनुष्य चालू होऊ घातलेले यंत्र स्वतःच पुन्हा पुन्हा अडवत असतो. रॅम काढून तिची पट्टी खोडरबराने घासून पुन्हा बसवण्याचा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय संपर्क बिघडला असेल तर खरोखरच लागू पडतो, पण सेटिंगमुळे आलेल्या बिघाडावर त्याचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या अवस्थेचे अलीकडचे मोठे कारण विंडोज ११ हे आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या या प्रणालीला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षा घटक) आणि सिक्युअर बूटची, म्हणजे केवळ प्रमाणित प्रणालीच सुरू होऊ देण्याची, क्षमता लागते. ती दाखवण्यासाठी अनेकांनी बायोसमधील सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय, बंद केली. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर यूईएफआयला तीवरील विंडोज सापडत नाही आणि माहिती जागच्या जागी असूनही डिस्क रिकामी असल्यासारखा संदेश येतो. सीएसएम परत चालू करणे हा तात्पुरता उपाय आहे; कायमचा म्हणजे डिस्क जीपीटी पद्धतीत बदलणे, ज्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये विंडोज १०सोबत एमबीआर२जीपीटी हे साधन दिले. सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा झाला, तर ग्राफिक कार्ड जुने आहे का ते पाहावे. २०१२पूर्वीच्या अनेक कार्डांत यूईएफआयला लागणारा भाग नसतो.

तिसरी अवस्था साटा डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीई, एएचसीआय किंवा रेड यांपैकी एकावरून दुसऱ्यावर नेल्याने येते. विंडोजने सुरुवातीलाच चढवायचा म्हणून नोंदवलेला ड्रायव्हर नव्या मोडला चालत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा उभा राहतो. इथे विंडोज नव्याने टाकण्याची, दुकानाच्या भाषेत ‘फॉरमॅट मारण्याची’, मुळीच गरज नसते. मोड पूर्ववत केला की यंत्र जसेच्या तसे चालू होते. मोड बदलायचाच असेल तर विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगून मग बायोस बदलावा.

कृती : संगणक बंद करून तारच भिंतीतून काढावी, कारण तार जोडलेली असेपर्यंत एसएमपीएस (संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टची राखीव वीज बोर्डाला देत राहतो आणि घड्याळाचा विभाग त्या विजेवर जिवंत असतो. नंतर चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले की धारित्रांत उरलेली वीज निघून जाते. कधी पंखा अर्धा वेढा फिरून थांबतो, ती त्याचीच खूण. जम्परच्या दोन पिना सेलच्या आसपास किंवा बोर्डाच्या कडेला असतात आणि त्यांवर निर्मात्यानुसार सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट १ असे छापलेले असते. त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडाव्यात. सेल काढायचा झाल्यास खोबणीच्या कडेची पत्र्याची जीभ नखाने बाहेर ढकलली की तो स्वतःच उसळून वर येतो. उपटून काढल्यास ही जीभ वाकते आणि पुढे संपर्क ढिला पडतो. सेल सीआर २०३२ जातीचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो. नव्याचा दाब ३ व्होल्टच्या किंचित वर असतो, अडीचच्या खाली गेलेला परत बसवण्यात अर्थ नाही. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी.

पुसल्यानंतर येणारे मूळचे सेटिंग म्हणजे ते यंत्र आधी ज्यावर चालत होते ते सेटिंग नव्हे, ही गोष्ट वारंवार विसरली जाते. सीएसएम व आयडीई मोडवर वर्षानुवर्षे चाललेले यंत्र पुसल्यानंतर पहिल्यापेक्षा अधिक बंद पडल्यासारखे दिसू शकते. बदल करण्यापूर्वी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर हा सगळा शोध टळतो. तारीखही मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणू लागतो आणि हिशेबाच्या प्रोग्राममध्ये व्हाउचर भलत्याच वर्षात पडते. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) चालू असलेल्या यंत्रात सिक्युअर बूट वा टीपीएमला हात लागला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर डिस्कवरील माहिती उघडत नाही. म्हणून ती की हाती आल्याशिवाय अशा यंत्राचा सेल काढू नये.

फर्मवेअरच बिघडले असेल तर या कृतीचा उपयोग नाही. सीआयएच या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य यंत्रांच्या फ्लॅशवरील बायोसच खरडून टाकले होते. अशा वेळी बाहेरून प्रोग्रामर लावून चिप पुन्हा लिहावी लागते.

कोल्हापूर परिसरातील प्रचलन : राजारामपुरी आणि शाहूपुरी भागांतील दुकानांत ही कृती नित्याची आहे. उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांच्या दृष्टीने तिची एक वेगळी बाजू महत्त्वाची ठरते. कारखान्यातील यंत्रांना जोडलेले जुने संगणक विंडोज एक्सपीवर चालत असतील, तर एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नसल्याने त्यांचे बायोस आयडीई मोडवर ठेवलेले असते. वीज अखंड जोडलेली असेपर्यंत मेलेला सेल लक्षातच येत नाही. खंडेनवमीला तारा काढून, पुसून, पूजा करून किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर असे यंत्र पुन्हा जोडले की सेटिंग मूळपदावर गेलेले असते आणि मूळचा मोड एएचसीआय असेल तर कोणीही काही न बदलता निळा पडदा येतो. ऑगस्ट २०१९च्या आणि जुलै २०२१च्या पंचगंगेच्या पुरांसारख्या प्रसंगी पूरग्रस्त भागाचा वीजपुरवठा दिवसेंदिवस बंद राहतो, तेव्हा पाणी न लागलेल्या यंत्रांतही हाच प्रकार संभवतो. पाणी वा ओल लागलेल्या बोर्डाची गोष्ट निराळी : तिथे सेलच्या खोबणीत हिरवट गंज दिसला तर खोबण व आसपासचा भाग स्वच्छ करून पूर्ण वाळवल्याशिवाय नवा सेल घालू नये, कारण ओलीतून झिरपणारी वीज तोही लवकर संपवते.