मूत्रपिंडातील सूज आणि आपल्याच पेशी

नाशिकच्या पावसाळ्यात पंचवटीतल्या एखाद्या घरी सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पायावरचे फोड खाजवून चिघळतात, मलमाने खपली धरते आणि घरचे ते विसरूनही जातात. मग तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी त्याच्या पापण्या सुजलेल्या दिसतात आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. अशा मुलाच्या मूत्रपिंडात बहुधा जंतू शिरलेले नसतात. तिथे गर्दी झालेली असते ती त्याच्याच पांढऱ्या पेशींची.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून मोठ्या माणसात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा छोटासा गुंता. फोडांतील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे अंश आणि त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे यांची जोडगोळी तिच्या भिंतीत अडकली, की रक्तातील पूरक प्रथिने जागी होतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना तिकडे खेचतात. जंतू मारण्यासाठी असलेली विकरे आणि तीव्र ऑक्सिजन-रसायने या पेशी तिथेच सोडतात, त्यामुळे भिंत विरते आणि रक्तपेशी व प्रथिने लघवीत उतरतात. सुजलेल्या गुंत्यातून गाळणे मंदावते, मीठ-पाणी अंगात साचते, पापण्या सुजतात आणि रक्तदाबही वाढतो. म्हणून अशा मुलाचा रक्तदाब त्याच दिवशी मोजायलाच हवा.

लहान मुलांत ही सूज बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरते, आणि त्यात मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. मला या पेशी सर्वांत विलक्षण वाटतात, कारण मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करणे आणि दुरुस्तीला हातभार लावणे हे काम त्यांचे, आणि सूज रेंगाळली तर तंतू विणणाऱ्या पेशींना चिथावून निरोगी ऊतीच्या जागी घट्ट व्रण उभा करण्यातही त्यांचाच हात. ल्युपससारख्या, शरीराचे संरक्षण स्वतःवरच उलटते अशा आजारांत टी पेशी आणि प्रतिपिंडे घडवणाऱ्या बी पेशी या पांढऱ्या पेशी ही सूज धुमसत ठेवतात. भिंत फाटलीच, तर गाळणीभोवतीच्या पोकळीत मॅक्रोफेज आणि अस्तराच्या पेशी चंद्रकोरीच्या आकारात साचून गुंत्याला दाबून टाकतात.

स्टिरॉइड या साऱ्याच पेशींना आवरतात, तर रिटुक्सिमॅब हे औषध मुख्यतः बी पेशी हटवते. मात्र कोणतेही औषध झालेल्या व्रणाची परत गाळणी करू शकत नाही, म्हणूनच बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या मूत्रपिंडाच्या तुकड्याच्या, काचेवर डॉक्टर दोन आकडे वेगवेगळे मोजतात: किती गाळण्यांत चंद्रकोर अजून ताजी, पेशींनी भरलेली आहे, आणि किती गाळण्या बुजून गेल्या आहेत.